सिनेमात रडू येणार आहे, आणि शेजारी चार वर्षांचं मूल आहे

बालवाडीत शिकवत होते तेव्हा आईवडिलांना आणि आता नातवंडांना सिनेमाला नेताना लेकीला आणि सुनेला मी एक गोष्ट आवर्जून सांगते: रडणारं मूल वेगळं आणि घाबरलेलं मूल वेगळं. थिएटरच्या अंधारात दोघांच्याही डोळ्यांत पाणी दिसतं, म्हणून मोठी माणसं गोंधळतात आणि दोघांवरही एकच उपाय करतात. उचलून बाहेर नेतात, नाहीतर "काही नाही, काही नाही" म्हणत गप्प बसवतात. घाबरलेल्या मुलाला बाहेर न्यायलाच हवं. पण ज्याला वाईट वाटलंय त्याला त्याच क्षणी बाहेर नेलं, तर वाईट वाटण्यापर्यंतचीच गोष्ट त्याच्याजवळ उरते. त्यानंतर कोणी कोणाला सावरलं, हे त्याला कळतच नाही.

ओळखायचं कसं? घाबरलेलं मूल अंग चोरतं. पाय वर घेतं, कानांवर हात ठेवतं, तोंड तुमच्या कुशीत खुपसतं, "घरी जायचं" म्हणतं. कधी एकदम ताठ आणि गप्प होतं. अशा गप्प मुलाकडे तर रडणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. दुःख झालेलं मूल पडद्याकडे बघत रडतं. ओठ थरथरतात, हात तुमचा हात शोधतो, पण नजर तिथून हलत नाही. पुढे काय होतं ते त्याला हवं असतं. खाली जे सांगणार आहे ते बरंचसं या एका फरकावर बेतलेलं आहे.

मुलांच्या सिनेमात दुःख नकोच, असं काही पालक म्हणतात. तसं ठरवलंत तर मुलांना फार थोडे सिनेमे दाखवता येतील. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला होता. १९३७ ते २०१३ या काळातले मुलांचे ४५ गाजलेले अॅनिमेशनपट आणि त्याच त्या वर्षांत आलेले मोठ्यांचे ९० गंभीर चित्रपट त्यात शेजारी ठेवून पाहिले होते. महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू मुलांच्या सिनेमांपैकी दोन तृतीयांश सिनेमांत होता, मोठ्यांच्या सिनेमांत निम्म्यांमध्ये. नायक-नायिकेचे आईवडील मरण्याची शक्यता तर मुलांच्या सिनेमांत पाचपटीहून जास्त निघाली. म्हणजे कार्टून आहे, रंगीत आहे, प्राणी बोलतात, एवढ्यावर निर्धास्त होऊन तिकीट काढू नये. आणि मला वाटतं, घाबरूनही जाऊ नये. आई हरवण्याची भीती प्रत्येक मुलाच्या मनात असतेच. ती गोष्टीत, शेजारी आपलं माणूस बसलेलं असताना भेटली, तर मुलाला तिच्याकडे बघायची सवय होते.

आधी स्वतः बघा

हे शक्य असेल तर यासारखं काही नाही. सिनेमा जुना असेल तर घरी बघून घ्या. नवा असेल तर आधी बघून आलेल्या एखाद्या आईला किंवा बाबांना विचारा, नाहीतर गोष्ट शेवटापर्यंत वाचा. तुमच्यासाठी शेवट फुटला तरी हरकत नाही, तुम्ही तिथे मुलासाठी जाताय. 'कॉमन सेन्स मीडिया' या संकेतस्थळावर वयाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे माहिती मिळते. 'डझ द डॉग डाय' नावाचं आणखी एक संकेतस्थळ आहे. तिथे प्रेक्षकांनीच नोंदवलेलं असतं की अमुक सिनेमात कुत्रा मरतो का, आईवडील मरतात का, मूल हरवतं का. मला दोन्हींचा उपयोग झालाय.

फक्त प्रमाणपत्राकडे बघून मात्र ठरवू नका. प्रमाणपत्र देणारे हिंसा, भाषा, भीतीदायक दृश्यं यांचा विचार करतात. तुमचं मूल कशाने रडेल हे त्यांना कसं कळणार? 'वॉटरशिप डाउन' हा सशांचा अॅनिमेशनपट १९७८ साली ब्रिटनमध्ये सर्वांसाठी खुला म्हणून 'यू' प्रमाणपत्र घेऊन आला. पुढे कित्येक वर्षं पालक त्याबद्दल तक्रार करत राहिले, कारण त्यात सशांचं रक्त दिसतं आणि मृत्यू दिसतो. अखेर २०२२ मध्ये तिथल्या मंडळाने तो 'पीजी'त, म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा अशा वर्गात टाकला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती आईवडील 'ससेच तर आहेत' म्हणून लहानग्यांना घेऊन बसले असतील.

सिनेमा बघताना किंवा गोष्ट वाचताना मी काय शोधते ते सांगते. कोण जातं, हा पहिला प्रश्न. आजोबा जाणं आणि आई जाणं यात लहान मुलाच्या लेखी फार अंतर आहे. मग ते पडद्यावर दिसतं की फक्त कळतं. 'बॅम्बी' या १९४२ च्या सिनेमात हरणाच्या पाडसाची आई मरताना दिसत नाही, नुसता गोळीचा आवाज येतो. 'द लायन किंग'मध्ये (१९९४) छावा निपचित पडलेल्या वडिलांना डोक्याने ढकलून उठवायला बघतो, आणि ते सगळं पडद्यावर दिसतं. दुसरं जास्त कठीण, असं आपल्याला वाटेल. सगळ्या मुलांचं तसं नसतं. 'बॅम्बी'त त्यानंतर लगेच वसंत येतो, पाखरं गाऊ लागतात. सिनेमा पुढे निघून जातो आणि लहान मूल मागे राहून विचारतं, "पण आई कुठेय?" छाव्याला निदान वडिलांजवळ बसायला मिळतं, रडायला मिळतं, आणि त्याच्याबरोबर बघणाऱ्या मुलालाही.

त्याच दृश्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मोठ्यांचं लक्ष जात नाही. काका छाव्याला पटवतो की हे तुझ्यामुळे झालं. चार-पाच वर्षांच्या मुलांना तसंही वाटत असतं की आपण मनात आणलं, रागावलो, हट्ट केला, म्हणून वाईट झालं. ज्या सिनेमात मूल स्वतःला दोष देतं, तिथे मी घरी आल्यावर स्पष्ट सांगते: त्याची काही चूक नव्हती. सिनेमात पुढे ते उघड होतं, पण बऱ्याच वेळाने, आणि तोपर्यंत लहान मुलाला तो दुवा जुळवता येत नाही.

तिसरं म्हणजे, दुःखाच्या प्रसंगानंतर आधार कधी येतो. पाच मिनिटांत कोणी मायेचं माणूस भेटतं, की अर्धा तास ते पिल्लू एकटं भटकतं? मुलाची सहनशक्ती तिथे संपते. आणि चौथं, आवाज. पुष्कळ मुलं सिनेमात घाबरतात ती चित्राला नाही, आवाजाला. थिएटरच्या ध्वनियंत्रणेचं जे प्रमाण ठरलेलं आहे त्यात पडद्यामागच्या एकेका स्पीकरमधून क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत आवाज जाऊ शकतो. घरच्या टीव्हीवर तोच प्रसंग शांतपणे बघितलेलं मूल थिएटरमध्ये किंचाळतं, ते उगाच नाही.

सिनेमाइतकंच तुमच्या घरात सध्या काय चाललंय तेही बघा. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, कोणी आजारी असेल, आईबाबा वेगळे राहत असतील, घर बदललं असेल, पाळलेलं मांजर गेलं असेल, तर त्याच विषयाचा सिनेमा भरलेल्या थिएटरात पहिल्यांदा दाखवू नये असं माझं मत आहे. कायमचा टाळा असं म्हणत नाही. काही मुलांना अशा वेळी तीच गोष्ट हवी असते. पण ती घरी, दिवसा, मध्येच थांबवता येईल अशी दाखवा.

कोणत्या वयाला काय कळतं

हंगेरीच्या मारिया नॉज यांनी १९४८ साली मुलांना मृत्यू म्हणजे काय वाटतं यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात मेलेलं माणूस कुठेतरी गेलेलं असतं किंवा झोपलेलं असतं, हे त्यात दिसलं. पुढे १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. मेलेलं परत येत नाही, मेलेल्याचं शरीर काही करत नाही, आणि प्रत्येक जीव मरतो, या तिन्ही गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगतात, असं त्यांना आढळलं.

बालवाडीत मी हेच रोज बघत होते. तीन वर्षांचं मूल सिनेमात आई मेल्यावर रडेलच असं नाही. ते विचारेल, "ती कधी उठणार?" आणि शेजारच्या रांगेतलं कोणी हुंदके देत असेल तर त्याच्याकडे बघत बसेल. त्याला कळलं नाही म्हणून हसू नका, आणि आत्ताच समजावून सांगायला बसू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलांची अवस्था सर्वांत नाजूक असते. त्यांना आता कळायला लागलेलं असतं की हे खरंच होतं आणि उलटत नाही. हीच मुलं थिएटरमध्ये सगळ्यांत जास्त रडतात, आणि रात्री विचारतात, "तू पण मरणार?" आठ-नऊ वर्षांची मुलं दुःख लपवायला शिकलेली असतात. त्यांच्याकडे बघायचं विसरू नका. धाकट्याला सांभाळताना थोरली अंधारात एकटीच रडत बसते.

मुलांच्या भीतीवर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर यांनी पुष्कळ काम केलंय. त्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. "हे खरं नाही, सिनेमा आहे" असं समजावणं मोठ्या मुलांना उपयोगी पडतं. अजून शाळेत जायला न लागलेल्या लहानग्यांना त्याने फारसं काही होत नाही. त्यांना उपयोगी पडतं ते जवळ घेणं, हातातलं खेळणं किंवा आवडती चादर, डोळे झाकून घ्यायची मुभा. चार वर्षांच्या मुलापुढे तर्क मांडत बसण्यापेक्षा त्याच्या पाठीवर हात ठेवा.

गोष्ट आधी सांगून टाका

हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे आणि यावरच लोक सर्वांत जास्त वाद घालतात. "मग मजा काय राहिली?" लहान मुलांची मजा पुढे काय होणार हे माहीत असण्यातच असते. तीच गोष्ट ती रोज रात्री का मागतात? अनपेक्षित धक्का ही मोठ्यांची हौस आहे.

दोन दिवस आधी, खेळता खेळता सांगा. झोपायच्या वेळी नको. दुःखाचा प्रसंग गोष्टीच्या मधोमध ठेवा, आणि शेवट नक्की सांगा. नातवाला मी असं सांगितलं होतं: "एक पिल्लू असतं. त्याचे बाबा मध्येच मरतात. पिल्लू खूप रडतं, एकटं लांब जातं. मग त्याला दोन मित्र भेटतात. शेवटी ते मोठं होऊन घरी परत येतं, तिथे त्याची आई असते."

"बाबा परत येतात?"

"नाही. बाबा येत नाहीत."

"मग पिल्लाला खायला कोण देतं?"

"ते दोघं मित्र देतात. तेच त्याला सांभाळतात."

"आणि रात्री?"

"रात्री पण तिघं जवळजवळ झोपतात."

एवढ्यावर तो समाधानी झाला. लहान मुलाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: आता याला कोण सांभाळणार? गोष्ट सांगताना त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असलं पाहिजे. सिनेमात ते उत्तर नसेल, किंवा फार उशिरा येत असेल, तर तो सिनेमा या वयाला थोडा लवकरच आहे.

आणि एक खूण ठरवून ठेवा. आमच्याकडे हात दोनदा दाबला की "बाहेर जायचं", एकदा दाबला की "माझ्याजवळ सरक". अंधारात, मोठ्या आवाजात, अनोळखी लोकांमध्ये लहान मुलाला शब्द सापडत नाहीत. खूण दिली की कारण न विचारता उठायचं, हा आपला शब्द. एकदा जरी "अरे थांब, आता संपतंय" म्हणून बसवून ठेवलंत तर पुढच्या वेळी ते खूण करणार नाही.

तिकीट, जागा, वेळ

इथे थोडक्यात सांगते. झोपेच्या किंवा भुकेच्या वेळेचा खेळ घेऊ नका. दमलेलं मूल कशानेही रडतं आणि मग तुम्हाला काहीच ओळखता येत नाही. पहिल्या दिवसाची गर्दी टाळा. मागच्या बाजूची, कडेची खुर्ची घ्या, म्हणजे कोणाच्या पायांवरून न जाता उठता येतं आणि पडदाही अंगावर येत नाही. लहानग्यांना त्रिमिती सिनेमाचा चष्मा नको. मूळ सिनेमाआधी इतर सिनेमांच्या जाहिराती दाखवतात, त्या कधी कधी तुम्ही निवडलेल्या सिनेमापेक्षा भयंकर असतात, म्हणून त्या संपता संपता आत जा. आवाज सोसत नसेल तर मुलांसाठी कान झाकायचे हेडफोनसारखे कवच मिळतात, ते बरोबर ठेवा. काही थिएटरांत दिवे पूर्ण न मालवता, आवाज कमी ठेवून, मुलांना उठबस करू देणारे खास खेळ असतात. जवळपास असा खेळ असेल तर पहिला सिनेमा तिथेच दाखवा.

दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं हवीत. एकीला शेवट बघायचाय आणि दुसऱ्याला बाहेर जायचंय, ही वेळ येतेच, आणि एकटीने गेलं तर कोणा एकावर अन्याय होतो.

दुःखाचा प्रसंग येतो तेव्हा

तो येणार हे तुम्हाला माहीत आहे. मिनिटभर आधी मुलाकडे थोडं झुका आणि हळूच सांगा, "आता तो भाग येतोय." बस, एवढंच. मग हात द्या आणि गप्प राहा.

गप्प राहणं जमवावं लागतं. आपल्या तोंडून आपोआप निघणारी वाक्यं मला पाठ आहेत. "रडतोस काय, मोठा झालास ना?" "अरे, खोटं आहे ते." "ते बघ, ते बघ, तो पोपट किती छान!" ही तिन्ही वाक्यं मुलाला एकच सांगतात की तुझं रडणं इथे चालणार नाही. मुलग्यांना तर ती जास्तच ऐकावी लागतात. मुलाच्या मनात कोणाबद्दल तरी माया दाटून आली आहे. ज्याला बघितलं नाही, जो चित्रातला आहे, त्याच्यासाठी. ते आपण थांबवायचं कशाला?

'इनसाइड आउट' (२०१५) या सिनेमात एका मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रं आहेत, आणि त्यात याचा फार नेमका प्रसंग आहे. मुलीच्या लहानपणचा काल्पनिक सवंगडी, त्याची लाडकी गाडी जाते आणि तो मटकन खाली बसतो. आनंद ही भावना त्याला हसवायला बघते, गुदगुल्या करते, पुढे चल म्हणते. काही उपयोग होत नाही. मग दुःख ही भावना त्याच्याशेजारी बसते, तुझं आवडतं तुझ्याकडून गेलं, असं म्हणते आणि त्याचं ऐकत राहते. तो रडतो आणि आपण होऊन उठतो. पालकांसाठी यापेक्षा चांगला धडा मी पाहिलेला नाही.

बोलायचंच असेल तर जे दिसतंय ते बोला. "पिल्लाला आईची आठवण येतेय." "तुलाही रडू आलं." विचारलं तर उत्तर द्या, कुजबुजत, एका वाक्यात. रुमाल हातात द्या, स्वतः पुसत बसू नका; सतत पुसत राहिलं की मुलाला वाटतं, हे लवकर संपवायचं आहे. तुम्हाला रडू आलं तर लपवू नका. नात माझ्याकडे बघायला लागली की मी सांगते, "मलाही वाईट वाटलं. मी ठीक आहे." दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मोठं माणूस रडतंय आणि तरी ते आपल्याला सांभाळू शकतंय, एवढं मुलाला कळलं पाहिजे. तुम्हाला हुंदके आवरत नसतील, तर शेजारी दुसरं कोणी मोठं असलेलं बरं.

डोळे झाकायचे असतील तर झाकू द्या. बोटांच्या फटीतून बघायचं असेल तर बघू द्या. किती बघायचं ते त्याचं त्याला ठरवता येतंय, हे चांगलंच आहे.

बाहेर पडावं लागलं तर

वर सांगितलेल्या भीतीच्या खुणा दिसल्या, किंवा हात दोनदा दाबला गेला, की लगेच उठा. बाहेर उजेडात बसा, पाणी द्या, मांडीवर घ्या. श्वास शांत झाला की विचारा, "आत जायचं, दारातून बघायचं, की घरी जायचं?" दारातून बघणं हा पर्याय मुलांना फार आवडतो. मागे उजेड आणि समोर गोष्ट असते, आणि पाय जमिनीवर असतात. तिकिटाचे पैसे वाया जाण्याचा विषय त्याच्यासमोर काढू नका, घरी गेल्यावरही नाही.

घरी गेलात तर एक काम राहतं आणि ते त्याच दिवशी करायचं असतं. शेवट सांगा. मध्येच उठलेल्या मुलाच्या मनात सिनेमा त्या सगळ्यात वाईट क्षणी थांबलेला असतो. त्याच्यासाठी ते पिल्लू अजून तिथेच एकटं आहे. म्हणून झोपायच्या खूप आधी बसून सांगा की नंतर कोण आलं, कसं सावरलं, कुठे पोचलं. शेवटचं चित्र पुस्तकात किंवा फोनवर दाखवता आलं तर आणखी चांगलं.

नंतरचे दिवस

थिएटरमधून निघता निघता "कसं वाटलं? आवडलं? रडलास का?" अशी चौकशी नको. मुलांचे प्रश्न त्यांच्या सवडीने येतात. आंघोळ घालताना, बूट चढवताना, दिवा मालवल्यावर. तेव्हा हातातलं काम थांबवून उत्तर द्या.

उत्तर साध्या शब्दांत असावं. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपर यांचं काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. कार्यक्रमवाल्यांना दुसरा नट आणता आला असता, नाहीतर हूपर दुसरीकडे राहायला गेले असं सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड या मोठ्या पिवळ्या पक्ष्याला मोठी माणसं सांगतात की मिस्टर हूपर मेले आणि ते परत येणार नाहीत. मग त्याला तेच विचारावंसं वाटतं जे प्रत्येक मुलाला वाटतं: आता माझी काळजी कोण घेणार? आणि एकजण सांगतो, मी दुकान चालवीन, आम्ही सगळे आहोत. कुठेही 'झोपले' नाही, 'लांब गेले' नाही. मेलेल्याला झोपलेला म्हटलं की मुलाला झोपेची भीती बसते, आणि लांब गेला म्हटलं की बाबा कामाला निघाले तरी ते रडतं.

मी असं सांगते: "मरणं म्हणजे शरीर बंद पडतं. श्वास नाही, भूक नाही, दुखणं नाही. ते परत सुरू होत नाही." त्यापुढे तुमच्या घरातल्या श्रद्धेप्रमाणे जे सांगायचं ते सांगा, पण आधी एवढं सांगून झालेलं असावं. "तू पण मरणार?" याला "छे, मी कुठे मरतेय" असं म्हणू नका. माझं उत्तर असतं, "सगळी माणसं कधी ना कधी मरतात. मला अजून खूप दिवस तुझ्याबरोबर राहायचंय. आणि मी नसले तरी आई आहे, बाबा आहेत, मामा आहे, मावशी आहे." नावं घ्या, एकेक करून. मुलं ती बोटांवर मोजतात.

पुढे काही दिवस मूल मरण्याचा खेळ खेळेल. बाहुलीला पुरेल, "तू मर, मी रडतो" म्हणून भावंडाला झोपवेल. खेळू द्या. बोलावलं तर तुम्हीही मरा, त्याने उठवलं की उठा. चित्र काढेल, तेच गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगेल. असं करत करतच मुलं अवघड गोष्ट पचवतात. एखाद-दुसरी रात्र स्वप्न पडणं, काही दिवस तुम्हाला चिकटून राहणं, यातही घाबरण्यासारखं नाही. पण काही आठवडे झोप लागत नाही, शाळेत सोडताना जीव जातो, खाणं तुटलंय, पूर्वी येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्यात, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला. अशा वेळी बहुधा सिनेमा हे निमित्त असतं आणि दुखणं आधीचं असतं, ते यामुळे लवकर कळतं.

आणि बरीच मुलं पंधरा दिवसांत तोच सिनेमा पुन्हा मागतात, रडलेलीसुद्धा. दाखवा. या वेळी घरी, दिवसा, पडदे उघडे ठेवून, आवाज बेताचा करून. रिमोट त्याच्या हातात द्या आणि थांबवायचं बटण कोणतं ते आधी दाखवून ठेवा. तो भाग पळवला तरी चालेल, तिथे थांबवून पाणी प्यायला गेला तरी चालेल, तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावला तरी चालेल. तुम्ही फक्त शेजारी बसा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.